कडो नको म्हणता

आमच्या भावोजींएवढा कमी चढलेला गिर्यारोहक अख्ख्या कोकणात शोधून सापडणार नाही. मुंबईत नोकरीला असताना कुठल्याशा मंडळाबरोबर त्यांनी सह्याद्रीतले सुळके सर केले होते म्हणे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, ओरोसला कचेऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा बदली घेऊन ते माझ्या ताईसकट तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आले. मग काय, दर रविवारी खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन पहिल्या एस.टी.ने मिठबावला आमच्या घरी हजर! गावाबाहेर समुद्रावर एक कडा आहे, तो चढायला. म्हणजे खरं तर न चढायला.

मी कंबर कसून तयार, आणि हे पायथ्याशी वैद्यबुवांसारखे. आधी दगडाला तळहात लावायचा, मग हातोडीने टकटक करून कान लावायचा, मग चक्क जिभेने चाटून बघायचं. फार खारट लागला तर दमटपणाने बोटं निसटणार; आवाज पोकळ आला तर खपली सुटणार; क्षितिजाशी पंजाएवढा ढग दिसला तर दुपारी वारा फिरणार. सगळं जमून आलंच, तर ऊन फार. "कडो नको म्हणता रे आज," असं म्हणून ते वाळूत बसकण मारत आणि आईने बांधून दिलेले घावणे सोडत. एकदा वैतागून मी विचारलं, "भावोजी, लग्नाआधी ताईक तरी इतक्या बारकाईन बघितलास काय?"

"तिका ठोकून बघूची गरज नव्हती," ते म्हणाले. "तिचो आवाज मुळातच खणखणीत."

ताईचं रडगाणं वेगळं. "मी तापान फणफणलंय तरी ह्यांका कळाचां नाय, दगडाक मात्र हात लावून बघतले!"

एका डिसेंबरात त्यांचा मुंबईचा जुना मित्र खास हा कडा चढायला आला. आदल्या दिवशी अवेळी पाऊस पडून गेला होता, पण सकाळी ऊन लख्ख आणि दगड कोरडा. भावोजींनी हात लावला आणि मान हलवली. "वरसून सुको दिसता, आत पाणी धरून आसा. आज नको."

मित्र भडकला. "एस.टी.त हाडं खिळखिळी करून आलो, ते काय घावणे खायला?" आणि मेखा ठोकत निघालासुद्धा. भावोजी तोंडाने "नको, नको" म्हणत होते, आणि हातांनी त्याच्या दोराचं दुसरं टोक कंबरेला गुंडाळून पाय रोवून बसत होते.

माडाच्या उंचीवर मित्राच्या हातातला दगड सुटून आला. दोर ताणला, भावोजी पोटावर फरफटत गेले, पण दोर सोडला नाही. मित्र लोंबकळत राहिला, मग हळूहळू खाली आला. गुडघा फुटला होता, बाकी शाबूत. आता भाषण ऐकावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली. भावोजी एवढंच म्हणाले, "गुडघो धुवून घे आधी."

संध्याकाळी त्यांच्या सोललेल्या तळव्यांना खोबरेल लावताना ताईचे डोळे भरले होते. "एवढो दगडावर इस्वास नाय, तर जातास कशाक?"

"आवडता गो माका," भावोजी म्हणाले. अगदी लाजून.

पुढे त्यांची बदली झाली, पार देशावर, सपाट मुलखात. निघायच्या आदल्या रविवारी कड्याने काहीच तक्रार केली नाही. आम्ही चढलो. माथ्यावर पाय खाली सोडून भावोजी कुणकेश्वराकडून परतणाऱ्या होड्या बघत बसले. ऊन उतरलं तरी हलेनात. शेवटी मीच म्हटलं, "भावोजी, उठा, ओरोसची शेवटची गाडी चुकतली."

"चुकांदे," ते म्हणाले. "बस रे जरा."