शांताबाईंचं वर्तुळ

मंडळी, आज टँकरच्या रांगेनं आमच्या घरातलं एक जुनं भांडण मिटवलं.

मी उदगीरला शाळेत चित्रकला शिकवते. घरी मात्र नुसती वर्तुळं, चौकोन, रेघा काढते. चेहरा, हातपाय सगळं गाळून नुसता आकार ठेवला तरी त्यात माणूस उरतो का, हे मला बघायचं असतं. सासूबाईंचा रोजचा एकच प्रश्न, "ह्यात माणूस कुठं हाय गं?" लई राग येतो मला.

सकाळी गल्लीत टँकर आला. रांगेत उभ्या होत्या घागरी. बायका सावलीत बसून उदगीरचा वेगळा जिल्हा कधी होणार यावर भांडत होत्या. शेजारच्या शांताबाई लातूरच्या दवाखान्यात आहेत, घरी त्यांचे मालक एकटेच. म्हणून सासूबाईंनी त्यांचीही पोचा पडलेली घागर रांगेत लावली होती. रांग हलली की तिला पुढं ढकलायच्या अन् म्हणायच्या, "शांताबाई, सरका की पुढं."

कुणीच हसलं नाही.

घरी आल्यावर त्या माझ्या चित्रापुढं थांबल्या. ओळीनं काढलेली काळी वर्तुळं. शेवटचं जरा चेपलेलं, माझा हात हलला होता म्हणून. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही शांताबाई ना?"

मी म्हणाले, "हाव."

"मग इतकी मागं कशाला ठेवलीस तिला? घे की पुढं."

मंडळी, नवा कागद लावून बसलेय. पहिलंच वर्तुळ चेपलेलं काढू ना?