नारळ फुटला, नट राहिला

१९८७ साल. मी एकोणपन्नास वर्षांचा. खड्ड्यात उभा होतो आणि डोक्यावर वकीलबाबांची काळी जर्मन गाडी. खड्डा म्हणजे गॅरेजच्या जमिनीत खणलेली चर. गाडी वर, मेस्त म्हणजे मेकॅनिक खाली. पेडण्यात तसा खड्डा तेव्हा माझ्याकडेच होता, आणि कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचो.

गाडी पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली. वकीलबाबांच्या वडिलांची. घर रस्त्यापलीकडेच, त्यामुळे ती गाडी माझीच असल्यासारखी. त्यांची मुलगी नदीपलीकडे शिवोलीला दिलेली. बाळंतपणाला आली होती, ती त्या दिवशी तीन महिन्यांचा मुलगा घेऊन सासरी जायची होती. अकराच्या आत निघायचा मुहूर्त होता.

महिन्यापूर्वी वकीलबाबांनी मला एक टाइप केलेला कागद दिला होता. चेकलिस्ट. बावीस कलमं.

"गाडी जुनी झाली, मेस्ता. आठवणीवर चालायची नाही. एकेक बघायचं, मग खूण करायची. मराठीत देऊ की कोकणीत?"

त्याच वर्षी गोव्याचं राज्य झालं होतं. त्याआधी याच मराठी-कोकणीच्या वादापायी रस्ते बंद पडले होते. मी म्हटलं, "गाडीलाच विचारा. तिला कळेल त्या भाषेत द्या."

त्यांनी मराठीत दिला. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला. बोट लावून वाचतो. पण इंजिनाचा आवाज मी रस्त्याच्या वळणावरून ओळखायचो, आणि मला कागद शिकवणार? त्या सकाळी चहाच्या आधीच बावीस खुणा एका दमात मारल्या आणि खाली मोठी सही ठोकली. कागद गाडीच्या खणात.

वकीलबाबांचं स्वतःचंही एक कार्ड होतं, पाच ओळींचं. गाडी सुरू करण्याआधी चष्मा लावून मोठ्याने वाचायचे. अख्खा बाजार हसायचा. त्या सकाळीही वाचलं. "हँडब्रेक ओढून बघणे." ओढला.

"मेस्ता, हा सैल आहे."

"चालतो तो."

"कार्डात 'चालतो' नाही लिहिलेलं. आवळ."

तोंडातल्या तोंडात शिव्या देत मी तार आवळली. मग पुन्हा खड्ड्यात. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकपाइप मी आदल्या दिवशी बदलला होता. नटापाशी थोडं तेल पाझरत होतं. नट सोडला, पुसला, हाताने फिरवून परत बसवला. आता पान्याने आवळायचा. इतक्यात वरून वहिनींचा, म्हणजे वकीलबाबांच्या बायकोचा आवाज.

"मेस्ता, मुहूर्त चुकतलो! यो, गाऱ्हाणं घाल!"

पाना खड्ड्याच्या काठावर ठेवला, हात धुतले. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ घेतला. "बा देवा म्हाराजा, लेकीबाळीक सुखरूप पलतडी पावय."

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

नारळ फुटला. आमच्याकडे नारळ फुटला की काम झालं. त्यानंतर गाडीला पाना लावणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. माझ्या डोक्यातही काम झालंच. वकीलबाब, वहिनी, लेक आणि पोर यांना घेऊन, चारही लिंबं चिरडून गाडी गेली.

मी खोबरं खात हत्यारं आवरायला बसलो. फळीवर प्रत्येक पान्याचा खिळा ठरलेला. एक खिळा रिकामा. पाना खड्ड्याच्या काठावर होता. अर्धं काम उरलं असेल तरच मी पाना तिथे ठेवतो.

तोंडातलं खोबरं थुंकून मी उठलो.

आता ब्रेकचं सांगतो. त्या गाडीत चारी चाकांचे ब्रेक एकाच तेलावर चालतात. पाय दाबला की तेल पाइपातून चाकाकडे जोर नेतं. एका जागी पाइप सुटला की चारी चाकं गेली. हाताने बसवलेला नट दोन-चार हलके ब्रेक सोसतो. मग नाही. आणि वाट होती चोपड्याची. तिथे रस्ता उतरत उतरत थेट फेरीबोटीच्या धक्क्यावर जातो. बोट पलीकडे असली तर पुढे नदी.

पाना आणि ब्रेकतेलाची बाटली घेऊन मी बाजाराकडे धावलो. इनास पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकलवर माणसं नेणारा, गिऱ्हाइकाची वाट बघत होता.

"कितें रे मेस्ता, बायल पळाली?"

"चोपड्याला मार. वकीलबाबांच्या गाडीच्या आधी."

माझा चेहरा बघून त्याने किक मारली.

वाटेत एका वळणावर मी त्याला थांबवलं. रस्त्यावर ओला डाग होता. बोट लावून हुंगलं. ब्रेकतेल. पुढे आणखी एक, मोठा. मागे बसून मी देवाचं नाव घेत नव्हतो. त्याच्यासमोर मी मघाशीच खोटं काम ठेवलं होतं. मला फक्त त्या पोराची कुंची दिसत होती. आणि खणातली माझी सही.

आगरवाडा मागे पडला. उतरण लागली. खाली माणसं जमलेली. बोट नदीच्या मध्यावर.

"आई गे!" इनास म्हणाला.

गाडी धक्क्याच्या टोकाला होती. पुढची दोन्ही चाकं पाण्यात. मागच्या चाकांमागे काळे पट्टे ओढलेले. मुलगी पोराला छातीशी धरून धक्क्यावर बसली होती. पोर रडत होतं. त्या रडण्यासारखं चांगलं काही मी जन्मात ऐकलं नाही. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. वकीलबाब अजून आतच, हँडब्रेक दोन्ही हातांनी धरून. हँडब्रेक तेलावर नसतो, तारेवर असतो. तीच तार मी सकाळी शिव्या देत आवळली होती.

"पाय तळाला गेला, मेस्ता," ते म्हणाले. "गाडी म्हातारी झाली."

"होय," मी म्हटलं. "म्हातारी झाली."

माणसांनी गाडी मागे ओढली. मी खाली शिरलो, नट आवळला, तेल भरलं. इनासला पेडल मारायला बसवून पाइपातली हवा काढली. तीनदा बघितलं. मुहूर्त कधीच टळला होता. गाडी दुसऱ्या फेरीने पलीकडे गेली आणि संध्याकाळी परत आली. मी पाना घेऊन तिथे कसा पोचलो, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रात्री जेवलो नाही.

तेव्हापासून माझ्या गॅरेजात नारळ माझ्या ताब्यात असतो. शेवटची खूण झाल्याशिवाय कोणालाच मिळत नाही, मग मुहूर्त चुको. देव नारळ घेतो, नट आवळत नाही.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडायच्या आधी रस्ता ओलांडला. वकीलबाब चहा पीत होते.

"गाडी म्हातारी झालेली नाही," मी म्हटलं. "चौदावं कलम, ब्रेकचे नट. मी ते बघितलंच नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला.

"आणि बाकीची एकवीस?"

"तीही नाही."

ते उठले, कपाटातून त्याच बावीस कलमांचा, खुणा नसलेला कागद काढून माझ्या हातात दिला. गाडीची चावी दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाडी खड्ड्यावर घेतली. खाली उतरलो. कागदावर बोट ठेवलं आणि पहिलं कलम वाचलं. मोठ्याने.