भुवईतली चीर दिसेल असा टीव्ही

ये गं, अशी जवळ ये. तू तिकडं सांगलीत आणि मी इकडं पाटणच्या अलीकडच्या गावात, तरी वाचताना माझ्या शेजारी बसलीयस असं समज, कारण आधी तुला बोलायचंय. मावशीला फोन केलास, तोही कुपवाडच्या कंपनीतनं, जेवणाच्या सुट्टीत, तोंडात घास ठेवून. "मावशी, नव्या घरात टीव्ही पंचावन्न इंची घेऊ का त्रेचाळीस?" आणि मी सांगायला लागले तोवर भोंगा झाला म्हणून फोन ठेवलास. असं असतंय व्हय? एका साडीसाठी चार दुकानं पालथी घालणारी तू, आणि टीव्हीचं उत्तर तुला एका घासात पाहिजे. म्हणून सगळं लिहून काढलंय. आता पुरतं वाच, मधलं गाळू नकोस.

आमच्याकडं टीव्ही घ्यायचा ठरला तो नातीमुळं. थोरल्याची लेक लष्करात गेली ते तुला ठाऊकच आहे. तिचा दिल्लीहून फोन आला, "आज्जी, सव्वीस जानेवारीच्या परेडला मुलींच्या तुकडीत माझी निवड झालीय. टीव्हीवर बघ." आमचा जुना टीव्ही तर पावसाळ्यातच गेला होता.

आमच्या गल्लीची रीत अशी, की ज्याच्या घरचं माणूस परेडला, त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात सगळ्यांनी जमायचं. चहा त्या घरचा. घरच्या बाईनं निरांजन लावून तयार राहायचं आणि आपलं लेकरू पडद्यावर आलं की टीव्हीलाच ओवाळायचं. बाहेरच्या माणसाला हसू येईल. येऊ दे. ज्याचं लेकरू तिकडं थंडीत पाय आपटत असतंय, त्याला येत नाही.

शेजारी माझी चुलत जाऊ राहते. तिचा लेक मागं एकदा परेडला होता. तिच्याकडचा टीव्ही भिंतभर, पण त्यात सगळी तोंडं लोण्याच्या गोळ्यासारखी. नाक कुठं, डोळे कुठं, काही कळेना. "त्यो बघा, त्यो माझा," म्हणून तिनं एकाला ओवाळलं, कडाकडा बोटं मोडली, डोळ्याला पदर लावला. संध्याकाळी लेकाचा फोन आला तेव्हा कळलं, ती त्याची तुकडीच नव्हती. त्याची मागनं गेली, तेव्हा आई आत चहा गाळत होती. जाऊ अजून म्हणते, "कुणाचं तरी लेकरूच हुतं की." खरंच आहे. पण असं म्हणताना ती माझ्याकडं बघत नाही, चुलीकडं बघते. मला ते नको होतं. मला माझ्याच नातीला ओवाळायचं होतं.

आता ओळखायचं कसं? सगळ्या पोरी एका मापाच्या, एका टोपीच्या. पण नातीच्या उजव्या भुवईत चीर आहे. लहानपणी गोठ्याच्या पत्र्याचा कोपरा लागला, मीच हळद दाबली होती. तिथं केस पुन्हा उगवलेच नाहीत. तेव्हा माझं म्हणणं सरळ होतं: ती चीर ज्यात दिसेल तो टीव्ही आपला.

आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं. फौजेतनं निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण हुकूम अजून सुटत नाही. "अगं, आख्खी गल्ली येणार. मागं बसल्याली काय नुसती ऐकणार व्हय? पंचावन्नच्या खाली बात न्हाई."

हे काही चुकीचं नव्हतं. आलेल्या माणसाला दिसलं नाही तर बोलावून काय उपयोग? त्यामुळं कराडला जाईस्तोवर मी गप्प बसले.

दुकानात गेलो तर भिंतीवर टीव्हीच टीव्ही आणि सगळ्यांवर तेच ते. पोपट उडतोय, कलिंगड कापलं जातंय, निळा समुद्र. सगळेच झकास. दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, "मावशी, ह्ये दोन एका भावात हायत. ह्यो मोठा, पर पॅनेल साधं. ह्यो धाकटा, पर पॅनेल लय भारी." मोठाही आणि भारीही असा तिसरा होता म्हणा, पण त्याची किंमत ऐकून ह्यांनी टोपी सारखी केली आणि पुढं सरकले.

मी म्हटलं, "पोपट काय आमच्या घरी यायचा न्हाई. मागच्या सालची परेड लावा."

त्यानं फोनवरनं दोन्हीकडं लावली. मोठ्यावर जवान उभे होते तोवर ठीक. पावलं पडायला लागली तशी हलणाऱ्या हातामागं पुसट शेपटी राहायला लागली आणि तोंडं सारवल्यासारखी झाली. धाकट्यात एकाच्या मिशीचा पीळसुद्धा दिसत होता.

"आवं, तुमी जरा त्या फ्रीजपाशी उभं ऱ्हावा," मी ह्यांना म्हटलं.

"कशापायी?"

"आपल्या सोप्यात खांबाकडंची माणसं अशीच कडंला बसणार की. आता मोठा बघा. काय दिसतंय?"

ह्यांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "धुकं पडलंय."

"आन धाकट्यात?"

"त्यात न्हाई पडलं."

मग मी दुकानदाराला सांगितलं, "आता दोन्ही दारात आणा." तो हसायलाच लागला. "मावशी, टीव्ही काय साडी हाय व्हय, उजेडात न्यायला?"

"साडी एक दिस नेसून कपाटात जाती. ह्यो रोज बघायचा हाय. आन परेड आसती सकाळी, आमचं दार पूर्वेला."

लांब वायर जोडून त्यानं आणले बिचाऱ्यानं. उन्हाच्या तिरिपीत मोठ्यात परेड कमी आणि रस्ताच जास्त दिसायला लागला. एक रिक्षा गेली, एक म्हातारा टोपी सावरत उभा राहिला.

"ह्यात तर मीच दिसतोय," हे म्हणाले.

"मग बसा सोताला ओवाळत."

धाकटा घेतला. पण येताना गाडीत ह्यांचं तोंड फुगलेलं. "मागच्यांचं काय करणार?"

"लायनी तुमी लावायच्या. इतकी वर्षं फौजेत काय शिकलासा मग?"

बस, एवढंच पाहिजे होतं. परेडच्या दिवशी पहाटेपास्नं ह्यांनी सोपा ताब्यात घेतला. पोरं पुढं सतरंजीवर, म्हातारी माणसं खुर्चीवर, उंच गडी मागं उभे. बाकं पुढं ओढली, खांबाआड कुणाला बसू दिलं नाही. "ज्याला दिसत न्हाई त्यानं हात वर करा," असं दोनदा विचारलं. एकही हात वर झाला नाही. जाऊ तेवढी म्हणाली, "येवढासा व्हय? आमचा केवढा मोठा हाय." मी म्हटलं, "बस तर खरं."

मी ताम्हणात निरांजन घेऊन टीव्हीच्या बाजूला. मुलींची तुकडी आली. सलामीला सगळ्या पोरींच्या माना एकदम उजवीकडं वळल्या आणि कॅमेरा त्या ओळीवरनं हळूहळू सरकायला लागला. एक तोंड, दुसरं तोंड. आणि भुवईत चीर. ओरडायचं ठरवलं होतं, पण ते राहूनच गेलं. नुसती बघत राहिले. ताम्हण वर उचलेस्तोवर कॅमेरा पुढं गेला होता. पण हात निघाला तो निघाला, पुढं ज्या चार पोरी दिसल्या त्यांनाच ओवाळलं.

"आता तुमीबी दुसऱ्याच्याच पोरींना ओवाळलंसा," जाऊ म्हणाली. सगळा सोपा हसला.

"ओवाळलं की. पर आदी माझी बघितली."

संध्याकाळी फोन आला. "आज्जी, दिसले का मी?"

"दिसलीस. टोपीचा पट्टा ढिला हुता तुझा."

 पलीकडं ती खुसूखुसू हसली. "आज्जी, ते आमची कवायत घेणाऱ्या उस्तादांनाबी दिसलं न्हाई. कुणाला बोलू नकोस." आता सांग, माझ्या बघण्यात चूक झाली का?

दुसऱ्या दिवशी जाऊ ताकाचं भांडं परत द्यायला आली. दारातच घुटमळली आणि म्हणाली, "आमचा पुन्यांदा परेडला गेला तर तुमच्यातच बघू." मी म्हटलं, "निरांजन तुझं आण, चहा माझा." या वेळी ती माझ्याकडं बघून हसली.

तर पोरी, इंच मागनं विचार. तुझ्या खोलीत कोण कुठं बसणार, ऊन कुठनं येणार आणि तुला नेमकं काय बघायचंय, ते आधी ठरव. नुसतं मोठं बघायचं असंल तर मोठा घे, माझं काही म्हणणं नाही. पण माणसाचं तोंड बघायचं असंल तर धाकटा चांगला. पुढं सरकून बसलं की झालं.

आणि दुकानात जायच्या आधी एकदा इकडं ये. आमचा टीव्ही डोळ्यानं बघ, खांबाकडनंही बघ. नात रजेवर येणार आहे, तीही भेटंल, ती भुवईही बघशील. शनिवारी कंपनी सुटली की तशीच कराडची गाडी धर, डबा तिथं धूत बसू नकोस, तो मी धुईन. लवकर ये, वाट बघतेय.