पाणी कुणी सोडलं?

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी चिंता करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. हे आमचे घरमालक काका. मी पाचोडहून कॉलेजसाठी संभाजीनगरला आलो तेव्हा चिकलठाण्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवरची खोली त्यांनी मला दिली. खोलीच्या दारातच एक होडी पडलेली होती. बंद पडलेल्या कुठल्याशा बागेच्या तळ्यातली ती फायबरची होडी काकांनी विकत आणून दोरांनी वर चढवली होती. खोलीत शिरायचं तर ती ओलांडावी लागे. काकू तिच्यात कुरडया वाळवत. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, याचं काकांना माझ्या वडिलांइतकंच कौतुक. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, मला ‘पदवीधर’ म्हणायला सुरुवात केली आणि अवघड प्रश्न माझ्यापुढं ठेवू लागले. “पदवीधर, समुद्रात होडी नेमकी कुठून लोटायची?” माझं शिक्षण बी.कॉम., आणि समुद्र मी तोवर पाहिलेलाही नव्हता.

या वेडाचं मूळ विहिरीत होतं. तरुणपणी गावात कुणाची कळशी, बादली विहिरीत पडली की काकांना बोलावणं यायचं. दम कोंडून बुडी मारायची, खाली चाचपडून वस्तू शोधायची आणि वर यायचं. “एवढ्या विहिरींच्या तळाला हात लावला, पर तळ कधी दिसला नाय. खाली निस्ता अंधार,” ते सांगत. समुद्रात काचेचा मुखवटा लावून उतरलं की तळ स्वच्छ दिसतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. एकदाच तळ बघायचा. पण आता जिना चढतानाच त्यांना धाप लागायची, आणि काकूंनी खालून ऐकवलं होतं, “औंदा ती होडी पाण्यात गेली नाय, तर भंगारवाल्याला देते. तुम्हाला बी त्यातच बसवून!”

मग काकांनी विचारपूस सुरू केली. विचारायला त्यांना माणूस लागे, माहितगार असण्याची अट नसे. भाजीवाल्याला विचारलं, बँकेच्या दारावरच्या शिपायाला विचारलं. वैजापूरच्या एका कांदा व्यापाऱ्यानं मुंबईच्या बंदराचं नाव ठामपणे सांगितलं, कारण त्याचा कांदा तिथूनच जहाजात चढायचा. काका सगळ्यांचं मन लावून ऐकत आणि आणखी गोंधळून घरी येत. एकदा तर टेम्पोत होडी घालून ते एका तलावावर गेले. रखवालदारानं अडवलं. “कुठं चालली होडी?” “समुद्रात.” “मग हितं कशाला आणली?” “तरंगते का बघाया.” रखवालदारानं टेम्पोभोवती एक फेरी मारली. शेवटी त्यानं दोघांनाही परत पाठवलं, काकांना आणि होडीला.

शेवटी मार्चमध्ये आम्ही कोकणात गेलो. काका, मी, टेम्पोवाला आणि होडी. भर दुपारी, प्रवासानं पार आंबून एका कोळीवाड्यापाशी पोचलो. पाणी थेट रस्त्याच्या कठड्याला लागलेलं. काका हरखून म्हणाले, “हीच जागा. सकाळी हितूनच लोटायची.” सकाळी येऊन पाहतो तर समुद्र जागेवर नाही! कोळ्यांच्या होड्या ओल्या वाळूत कलंडून पडलेल्या, आणि पाणी पार लांब एक चकचकीत रेघ होऊन राहिलेलं. काकांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “पदवीधर, पाणी कुणी सोडलं?”

आम्ही कालव्याची माणसं. पाणी येतं ते कुणीतरी दरवाजा उघडला म्हणून, जातं तेही कुणीतरी सोडलं म्हणून. खरं सांगतो, मीसुद्धा दरवाजा कुठं दिसतो का ते पाहिलं. काका मासळी निवडणाऱ्या एका बाईंकडे गेले. “ताई, पुढचं आवर्तन कधी हाय?”

“काय?”

“पाणी परत कधी सोडनार?”

“सोडतलो कोण? सुकती हा ती, ओहोटी. दुपारी आपसूक येतलां पाणी.”

“आपसूक कसं यील? वर कुणीतरी सायेब असंलच की!”

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. काकांना ते पटलं नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं की आपण खाली उतरतो, तसं आपणच पाण्याकडे जाऊ, असं त्यांनी ठरवलं. आम्ही तिघं वाळूतून होडी ओढू लागलो. थोडं ओढायचं, थांबायचं. काकांची छाती भात्यासारखी चालली होती. “बसा, काका,” मी म्हणालो. “बसलो तर उठायचो नाय रं,” ते म्हणाले. मग ते खरोखरच होडीच्या काठाला टेकले, आणि मला वाटलं, इथंच संपलं सगळं.

तेवढ्यात पावलांना गार लागलं. पाणी आलं होतं. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. होडी आपोआप हलली आणि आमच्या हातांतून अलगद सुटून तरंगली. जन्मभर पाण्याच्या मागं खाली उतरत गेलेल्या माणसाकडे पाणी पहिल्यांदाच चालत आलं होतं. काकांच्यात बुडी मारण्याइतका दम उरला नव्हता. त्यांनी फक्त सोबत आणलेला काचेचा मुखवटा चढवला, कंबरभर पाण्यात होडी धरून उभे राहिले आणि वाकून तोंड पाण्यात घातलं. वर आले, परत वाकले. कितीतरी वेळ.

“काका, तळ दिसला?”

“दिसला,” ते म्हणाले. काचेच्या आत डोळे भरलेले होते. “वाळू हाय. आन् माझे पाय हायेत.”

होडी पुन्हा गच्चीवर आहे. काकूंनी भंगारवाल्याचं नाव परत काढलं नाही. मला नोकरी लागली, खोली सुटली, तरी रविवारी मी जातो. काका आता होडीतच उशी टाकून पडलेले असतात, भोवती कुरडया वाळत असतात. परवा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “पदवीधर, आत्ता तिथं पाणी येत असंल का जात असंल?” मला आजही त्यातलं काही कळत नाही. तरी मी म्हणालो, “येत असंल, काका.”

“येऊ दे,” ते म्हणाले, आणि त्यांनी पाय जरा सरळ केले.