भूगोलाच्या टीचरांची हवेची गादी

बसण्याआधी त्या खुर्ची तळहाताने दाबून बघत. स्टाफरूममधली असो, लग्नाच्या मांडवातली असो, की बसची सीट असो. दाबून झालं की स्वतःशीच मान हलवत आणि डावं अंग सांभाळत हळूच टेकत. नवख्या माणसाला वाटे, बाईंना स्वच्छतेचं फार वेड आहे. तसं नव्हतं. खाणीच्या ट्रकांनी लाल झालेल्या रस्त्यावर एका पावसाळ्यात त्यांची स्कूटर घसरली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डाव्या खुब्यात सळई होती. कठीण जागेवर पाच मिनिटं बसल्या तरी तो खुबा दिवसभर ठणकायचा.

गोव्यात डिचोलीच्या आमच्या हायस्कूलमध्ये त्या भूगोल शिकवत. मी पेडण्याची; मराठी शिकवायला तिथे लागले तेव्हा त्यांची पंचवीस वर्षं नोकरी झाली होती. त्यांना सगळे टीचर म्हणत, मीही टीचरच म्हणे. लग्न केलेलं नव्हतं. जवळच्या सर्वण गावात भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहत. तुमच्याही शाळेत अशी एखादी शिक्षिका असेल, जिची रजा वर्षानुवर्षं शिल्लक पडते आणि जिच्या डब्यातली भाजी सगळी स्टाफरूम खाते. त्या तशाच.

एका दुपारी वह्या तपासता तपासता त्यांनी मला सांगितलं की हिमालयात जायचं ठरवलंय. एवढी वर्षं फळ्यावर हिमरेषा काढली, पण बर्फ पाहिला तो फक्त नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, टोपलीत. आता शिकवताना लाज वाटते, म्हणाल्या. शिवाय त्यांची एक शंका होती. पर्वताच्या कुठल्या बाजूला बर्फ जास्त खाली उतरतो याबद्दल पुस्तकात एक लिहिलं होतं आणि फोटोंत त्यांना वेगळंच दिसत होतं. ते त्यांना स्वतः बघायचं होतं. बरोबर येशील का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून गेले.

चालण्याची त्यांना काळजी नव्हती. सहा महिने रोज पहाटे त्या सर्वणच्या चढावर पाठीला तांदळाची पिशवी बांधून चालल्या. काळजी होती ती झोपण्याची. ट्रेकवाले तंबूत घालायला फोमचं पातळ पत्र्यासारखं काहीतरी देतात. त्यावर त्या खुब्याने रात्र काढणं शक्य नव्हतं. म्हणून हवा भरायची गादी घ्यायची ठरलं, आणि पुढचे दोन महिने आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता.

म्हापशाच्या एका दुकानात त्या साडी नेसून फरशीवर आडव्या झाल्या ते मी विसरणार नाही. दुकानदार अवघडून दाराकडे बघत राहिला. टीचर पाठीवर पडल्याच नाहीत, थेट कुशीवर वळल्या. पाठीवर कुणालाही बरं वाटतं, त्यांनी त्याला समजावलं, खरी परीक्षा कुशीवर. गादी टम्म फुगवली की ती फळीसारखी होते. म्हणून थोडी हवा सोडायची, मग खुब्याखाली हात सरकवून बघायचं. खुबा जमिनीला टेकला नाही पाहिजे, आणि ढकललाही गेला नाही पाहिजे. मग त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "कुशीर पड गो, आनी मागीर सांग." पुढे हे वाक्य त्यांनी शाळेत इतक्यांना ऐकवलं की शिपाईदेखील नवी खुर्ची आली की तेच म्हणू लागला.

त्या दिवशी काहीच घेतलं नाही. त्यांनी ऑनलाइन एक हलकी, जाड, निळी गादी मागवली. कुशीवर ती उत्तम ठरली. पण ऊब? गोव्यात ऊब कशी तपासणार? थंडी खालच्या जमिनीतून येते आणि आत नुसती हवाच असेल तर ती फिरते आणि अंगातली ऊब खाली नेते, हे त्यांनी वाचलं होतं. वाचलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एका रविवारी त्यांनी डिचोलीच्या मासळी बाजारातून बर्फाच्या चार लाद्या रिक्षात घालून सर्वणला आणल्या. बर्फवाल्याने गोणपाटात बांधता बांधता विचारलं होतं, "आनी नुस्तें खंय, टीचर?" त्यांनी सांगितलं, नुस्तें मीच.

मागच्या पडवीत लाद्या मांडल्या, त्यावर ताडपत्री, त्यावर निळी गादी आणि गादीवर स्वेटर घातलेल्या टीचर. मी घड्याळ घेऊन बसले. वहिनी दारातून बघून परत आत गेली. पंधराव्या मिनिटाला टीचर उठून बसल्या आणि खुबा चोळू लागल्या. ही नापास.

मग पुन्हा म्हापसा. आतून चकाकत्या पातळ थराची दुसरी गादी, किंमत तिप्पट. अंग हलवलं की वेफर्सच्या पाकिटासारखी कुरकुरायची. पुन्हा रविवार, पुन्हा लाद्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. कसं वाटतंय म्हणून विचारायला मी वाकले तर टीचर चक्क घोरत होत्या.

आता ती नापास झालेली निळी गादी परत पाठवायची होती. मी म्हटलं, मलाच द्या. पाच रात्रींचा तर प्रश्न, माझी हाडं तरुण आहेत. त्यांनी मला दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, बर्फावर तू घड्याळ धरून बसली होतीस, तरी तुला कळत नसेल तर मी काय करू. मी हसले आणि गादी घेतली.

मे महिन्यात आम्ही गेलो. चौदा जणांचा गट, बाकीचे सगळे पंचविशीतले. टीचर सगळ्यांच्या मागे पण एका लयीत चालत. संध्याकाळी तंबूत आपली गादी स्वतः फुगवत, हाताने दाबून हवा जुळवत आणि सकाळी ताज्या उठत. गटातली मुलं त्यांना आपापल्या गाद्यांबद्दल सल्ला विचारू लागली होती.

तिसरा तळ बर्फाच्या कडेला होता. तिथे दोन रात्री काढून मग खिंड चढायची होती. पहिल्या रात्री मी झोपलेच नाही. थंडी खालून आली. पाठीतून, मांड्यांतून, एखाद्या ओल्या फडक्यातून यावी तशी. सगळे कपडे अंगावर चढवले तरी दात वाजायचे थांबले नाहीत. सकाळी मला उलटी झाली. मी रडले आणि गाईडला सांगितलं की मी उद्या खाली जाते. टीचर शेजारीच चहा घेऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी जेवून तंबूत आले तर गाद्यांची अदलाबदल झाली होती. टीचर निळ्या गादीवर बसून पायांत मोजे चढवत होत्या.

"माका त्या गादयेर घाम येता," त्या म्हणाल्या. "तू नीज थंय."

त्या जागी कुणालाही घाम येत नव्हता. बाटलीतलं पाणी गोठत होतं. मी विचारलं, तुमच्या खुब्याचं काय? खुबा माझा, त्याचं मी बघेन, त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

मी एकदाच विचारलं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. पण पाठीखाली ऊब लागली होती आणि मला ती सोडवेना. मी झोपले, आणि गाढ झोपले.

पहाटे गट निघायच्या वेळी टीचरांना उठता येईना. डावा पाय उचलत नव्हता. त्यांनी तंबूचा खांब धरून दोनदा प्रयत्न केला, मग खाली बसल्या. गाईड म्हणाला, उजाडल्यावर खेचरावरून खाली नेऊ. मी थांबते म्हटलं. त्या माझ्यावर रागावल्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू वर जा. खंयच्या बाजून बर्फ चड सकल उतरला तें बरें करून पळय. आनी येवन माका सांग." शाळेतल्या मुलीला गृहपाठ द्यावा तसं, कुठल्या बाजूला बर्फ जास्त खाली आलाय ते नीट बघून ये.

मी खिंडीत पोचले. वारा एवढा होता की उभं राहवत नव्हतं. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, गाईड एकेकाचा फोटो काढत होता, कुणीतरी चॉकलेट वाटलं. वीस मिनिटांत गाईडने आम्हाला खाली हाकललं. अर्धा उतार उतरल्यावर मला आठवलं की मी बघायचं विसरले.

खालच्या गावात टीचर एका घराच्या ओट्यावर गोधडीच्या घडीवर बसल्या होत्या. पायाला फडकं गुंडाळलेलं. माझे बूट सुटायच्या आधी त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पुस्तकात आहे तसंच आहे, टीचर.

"असं?" त्या म्हणाल्या. मग पर्समधून छोटी वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात हिमरेषेचा धडा आला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून मुलांसमोर उभं केलं. फोटोंवरून माझा गैरसमज झाला होता, त्यांनी मुलांना सांगितलं, पण ह्या टीचरांनी वर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मुलांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान हलवली. पुढच्या वर्षी त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि मी पुन्हा मान हलवली.

खुब्यातली सळई सरकली होती. कधी सरकली, कशाने, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या काठी घेऊन चालत. परत हिमालयात जायचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून सर्वणला जात असे. प्रत्येक वेळी वाटेत ठरवायचे की आज सांगायचं, मी बघितलंच नव्हतं. त्या फणसाचे गरे पुढ्यात ठेवायच्या, शाळेतल्या एकेकाची चौकशी करायच्या, आणि मी तशीच परत यायचे. मग माझं जाणं कमी झालं. गेल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

बाराव्याला गेले. बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. भिंतीवर एक फोटो फ्रेम करून लावलेला होता, त्याला कुणीतरी हार घातला होता. खिंडीतला, गाईडने काढलेला माझा फोटो. मीच कधीतरी त्यांना फोनवर पाठवला होता. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर. चेहरा कुणाचा आहे ते कुणालाही ओळखता आलं नसतं.

त्यांचा भाऊ माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी फोटोकडे बघते आहे हे पाहून तोही तिथे थांबला. ताई त्याबद्दल कधीच काही बोलली नाही, तो म्हणाला. स्वतःच फ्रेम करून लावला, एवढंच. तुम्ही बरोबर होता म्हणून विचारतो.

"ही आमची ताईच मगे?"

मी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"होय," मी म्हणाले. "त्याच."