घरटी एक माणूस

प्रयोगशाळेच्या कामाला लागण्याआधी मी सात वर्षं जव्हारहून एका दैनिकाला बातम्या पाठवत होतो. वावरकडे कुपोषणाने मुलं दगावली ते सबंध वर्ष पाड्यापाड्यांतून चालण्यात गेलं. पुढे दैनिकाने तालुक्याचे बातमीदार कमी केले. मुंबईच्या एका प्रयोगशाळेला डोंगरातल्या वाटा ठाऊक असलेला माणूस हवा होता, म्हणून मी तिकडे गेलो.

काम सांगायला सोपं होतं. एचआयव्हीची लागण झालेल्या आणि संमती दिलेल्या लोकांचं रक्त सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि त्याच दिवशी मुंबईला पोचवायचं. विषाणूच्या आवरणावरच्या प्रथिनांविरुद्ध शरीर कोणती प्रतिपिंडं तयार करतं, हे तिथे तपासत. त्यातली कोणती विषाणूला खरोखर अडवतात हे कळलं, तर लस कशी असावी याचा अंदाज येईल, असं तिथल्या मुख्य संशोधक बाई सांगत. विषाणू आवरण बदलत राहायचा आणि प्रतिपिंडं मागे पडायची. म्हणून दोन नमुने.

बर्फ जव्हारच्या बाजारातले एक चाचा द्यायचे. पेटी भरताना त्यांचा प्रश्न ठरलेला असे.

"क्या साहब, लस बनली? की नुसता माझा बर्फ वितळवताय?"

"बनतेय, चाचा."

"चार साल से बन रही है. तेवढ्यात माझ्या तीन पोरींची लग्नं झाली."

गुप्ततेसाठी नावं वापरायची नाहीत असा नियम होता. प्रत्येकाला एक कार्ड आणि कार्डावर एक आकडा. त्या वर्षी मे महिन्यात मी मलेरियाने पडून होतो, पहिले नमुने एका सहकाऱ्याने आणले. दिवाळीनंतर दुसऱ्या फेरीला मी गेलो, नर्सही नवी होती. पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर मी आकडा पुकारला. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पुढे आली. तिने कार्ड दाखवलं आणि हात पुढे केला. मी वहीत खूण केली.

तीन आठवड्यांनी संशोधक बाईंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर दोन पट्ट्या होत्या. पट्टीवरची प्रत्येक काळी रेघ म्हणजे विषाणूच्या एकेका प्रथिनाला चिकटलेली प्रतिपिंडं. पहिल्या पट्टीवर सगळ्या रेघा ठळक होत्या. दुसरीवर काही फिकट होत्या, काही नव्हत्याच.

"सहा महिन्यांत असं होत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून रक्तगट बघितला. पहिला बी, दुसरा ओ. या दोन बायका आहेत."

"आणि दुसरीलाही लागण आहे."

"हो. तिला माहीत नाही, आणि आपण तिला विचारलंही नाही. नमुना मी टाकून देईन. निकाल डोक्यातून कसा टाकायचा?" त्यांनी दुसरी पट्टी उलटी करून ठेवली. "तिला शोधा. इथलं काही सांगू नका. सरकारी दवाखान्यात तिच्या संमतीने तपासणी होऊ दे. जे सांगायचं ते तिथला समुपदेशक सांगेल."

बातमीत माणूस कोण हे आधी पडताळतात. मी आकडा पडताळला होता.

दोन दिवसांनी पाड्यावर पोचलो तेव्हा म्हातारी सासू अंगणात नाचणी झोडत होती. मागच्या वेळी रक्त द्यायला कोण आलं होतं, असं विचारलं.

"मोठी सून इटांच्या भट्टीवर गेली, मग धाकटीला धाडली," ती म्हणाली. "लावणीला नाय का, घरटी एक माणूस जातं? ज्याला जमल त्यानं जावं. तुमची बारी फिटली ना? मग आता परत कशाला?"

ती काही लपवत नव्हती. एकमेकांच्या शेतावर राबायला त्या पाड्यात असंच जात. रेशनच्या दुकानातही कार्ड घेऊन घरातलं कोणीही जाई. कबूल केलेलं काम त्यांनी वेळेवर केलं होतं.

धाकटी दारात आली. सातवा महिना होता. परवा मुकादमाची गाडी येणार होती आणि ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाणार होती. बाळंतपण तिथेच झालं असतं. कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडं औषध दिलं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी होती आणि बाळंतपण दवाखान्यात.

"ताई, तुझं रक्त जावेच्या कार्डावर गेलं," मी म्हणालो. "चूक माझी. तुझी वेगळी तपासणी व्हायला पाहिजे, बाळासाठी. उद्या जीप आणतो, जव्हारला चल."

"माझं रक्त खराब निघालं?"

"ते मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाय म्हंजे निघालं."

सासूने काठी खाली ठेवली. "आन गाडी? मुकादम थांबल का हिच्यासाठी?"

"घरटी एक माणूस ना?" धाकटी सासूला म्हणाली. "मग या बारीला भट्टीवर तू जा, आते."

ती जव्हारला आली. तपासणीत जे निघायचं तेच निघालं. ती पाड्यावरच राहिली, बाळंतपण दवाखान्यात झालं. गोळी वेळेवर मिळाली, बाळाला औषधही. मुलगा झाला. मात्र आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात. अठरा महिन्यांच्या आत त्या तपासणीतून काही कळत नाही. तोवर थांबणं भाग होतं.

दरम्यान मोठी सून भट्टीवरच वारली. तिचा दुसरा नमुना मिळाला नाही. अहवालाच्या तक्त्यात तिच्या आकड्यापुढची जागा रिकामी राहिली.

अठरा महिने उलटल्यावर धाकटी मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. "हे तुझंच ना?" मी नर्ससमोर दोनदा विचारलं.

"भाऊ," ती म्हणाली, "याच्या बदली कोणाला पाठवू?"

निकाल तिने एकटीनेच ऐकला आणि बाहेर येऊन मला सांगितला. मुलाच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती, म्हणजे त्याला लागण नव्हती. स्वतःबद्दल तिने काही विचारलं नाही. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती एस.टी.कडे गेली.

पुढच्या फेरीसाठी मी बर्फ घ्यायला थांबलो. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेटी भरून दिली.