सुट्टीआधी बाथरूम नाही

स्वराच्या लघवीचा रिपोर्ट तिसऱ्यांदा खराब आला, तेव्हा मी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता थांबले. साडेतीन वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांत तिसरं इन्फेक्शन. रिपोर्टमध्ये पस सेल्स भरपूर. पस सेल्स म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पेशी. त्या वाढल्या की आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. आधी दोन्ही वेळा मी अँटिबायोटिक दिलं होतं, ताप उतरला होता आणि मी विषय संपवला होता.

सावेडीत माझं लहान मुलांचं क्लिनिक आहे. स्वरा केडगावची. आईबाबा दोघं नोकरीला, त्यामुळे तिला शाळेत नेण्या-आणण्याचं काम आजोबांकडे. त्या दिवशी आईबरोबर तेही आले होते.

औषध सुरू केलं आणि सोनोग्राफी करून घेतली. किडन्या चांगल्या होत्या. पण लघवीची पिशवी ताणलेली होती आणि बाथरूमला जाऊन आल्यावरही आत बरीच लघवी शिल्लक राहत होती. शी रोज होते का, असं विचारल्यावर आई म्हणाली, तीन-तीन दिवस होत नाही, झाली तर रडत होते. हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता.

मूल लघवी धरून ठेवायला लागलं की ती तुंबते आणि तिच्यात जंतू वाढतात. पाणी कमी प्यायलं की शी घट्ट होते, आणि साचलेली शी लघवीच्या पिशवीवर दाबते. म्हणजे एकातून दुसरं. पण ही मुलगी धरून का ठेवत होती? आईला काही सांगता येईना. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, पोरगी शाळंतनं आली की गाडीवरनं उतरून आधी बाथरूमकडं पळती. कवा कवा दारातच व्हती. अन् पाण्याची बाटली भरलेलीच परत येती."

मी स्वराला जवळ घेतलं आणि विचारलं, "शाळेत सू लागली की काय करतेस?"

तिने गुडघे एकमेकांना चिकटवून दाखवले. "असं करते. टीचर म्हणतात, सुट्टीआधी बाथरूम नाही."

मग आईने चाचरत सगळं सांगितलं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता की मुलं सारखी बाथरूम मागतात, तेव्हा पाणी थोडंच द्या. मागच्या महिन्यात स्वराची वर्गातच सू झाली होती. तिला दाराजवळ वेगळं बसवलं आणि शाळा सुटेपर्यंत ओल्या कपड्यांत ठेवलं. घरी आल्यावर आईनेही तिला रागावलं होतं.

माझं डोकं फिरलं. तीन वेळा ताप, तीन वेळा औषधं, सोनोग्राफी, आणि कारण काय, तर एका लेकराला शाळा सुटेपर्यंत चार तास बाथरूमला जाऊ दिलं नाही. घरात आपण सहा महिने खपून मुलाला शिकवायचं की लागली की सांगायचं. आणि शाळेत पहिली शिकवण ही, की लागली तरी सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत गेले. बाहेर भिंतीवर कार्टून रंगवलेली, वर्गात एसी. मुलांचं बाथरूम एकच होतं आणि त्याची कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर. मुख्याध्यापिकांनी चहा मागवला. मी नको म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं की साठ मुलांमागे एकच मावशी आहे. एकाला सोडलं की दहा उठतात. शिवाय मुलांना शिस्त लागायला हवी.

"मॅडम, तुमच्या स्टाफला बाथरूमला जायला सुट्टीपर्यंत थांबावं लागतं का?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही लेटर द्या, स्वराला आम्ही पाठवत जाऊ."

"लेटर मी सगळ्या मुलांसाठी देते. लघवी लागणं हा काही स्वराचा आजार नाही."

ते लेटर त्यांनी फाईलला लावलं. पुढे काहीच झालं नाही.

मग मी क्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या आईला विचारायला लागले की शाळेत मूल बाथरूमला जातं का, बाटली रिकामी होते का. पंधरा दिवसांत त्याच शाळेतली आणखी दोन मुलं निघाली, दोघांनाही हाच त्रास. मी त्या दोन्ही आयांना विचारून त्यांची स्वराच्या आईशी गाठ घालून दिली. स्वराची आई हळू आवाजात बोलणारी बाई, पण आठ पालकांना घेऊन तीच शाळेत गेली. लेकरू विचारेल तेव्हा सोडलंच पाहिजे, एवढंच लिहून मागितलं. लिहून मिळेपर्यंत कोणी खुर्चीवरून उठलं नाही.

दुसरी मावशी आली. बाथरूमची कडी खाली लावली. स्वराला मी दर दोन तासांनी बाथरूमला न्यायला सांगितलं, लागलेली असो वा नसो. कमोडवर बसताना पायाखाली स्टूल, म्हणजे जोर नीट लागतो. धुताना पुढून मागे. चड्डी ओली झाली तर एक शब्द न बोलता बदलायची. पोट साफ व्हायचं औषध बरेच महिने चाललं. तिचा त्यानंतरचा एकही रिपोर्ट खराब आला नाही. पण बाहेर कुठे बाथरूमला जायचं म्हटलं की ती अजून आईला विचारते, जाऊ का, रागावणार नाही ना.

पुढच्या वर्षी त्या शाळेची पेपरात बातमी आली. मुलांनी पाणी प्यावं म्हणून घंटा वाजवायचा अभिनव उपक्रम. फोटोत मुख्याध्यापिका हसत होत्या. आजोबांनी कात्रण आणून मला दाखवलं आणि म्हणाले, "आता ह्येंचंच नाव."

नाव त्यांना खुशाल मिळो. मी आता शाळा बघायला निघालेल्या आईबापांना एवढंच सांगते: वर्ग नंतर बघा, आधी मुलांचं बाथरूम दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ केली, तर ॲडमिशनचा फॉर्म तिथेच ठेवून या.